मशीन मशीनला विचारतं

कॉम्प्युटरच्या पंख्यात साचलेली धूळ दिसत नाय. झाकण उघडून फुंकर मारली की नाकातोंडात! आमच्या लॅबच्या गोष्टी तशाच साचल्यात. मी चौथी नापास, नाशकातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब अटेंडंट होतो. समजलं तेवढं सांगतो. हसायचं असेल त्यानं बाहेर जाऊन हसावं.

*

तेव्हा लॅबमध्ये चपला काढून जायचं. मशीनला धूळ चालत नाय म्हणे! एकदा सगळी पोरं गेली, तरी दाराशी एक जोड उरला. आत कोणीच नाय. कुलूप लावलं तेव्हा चपलांचं तोंड दाराकडे होतं.

सकाळी बघतो तर जिन्याकडे!

*

दोन हजार सालानंतर देवरे मॅडम आल्या, सटाण्याच्या. पीएचडी करायच्या. पाच मशिनं मांडली, त्यांना आपल्याकडचीच नावं दिली: वणी, नाशकातली द्वारका, मनमाड, येवला, निफाड. स्वतःच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्यांना प्रश्न पाठवायच्या.

"मामा, एक मशीन विचारतं, दुसरं उत्तर देतं. ते बंद पडलं तर तिसरं देतं. मध्ये माणूस लागतच नाही."

"मग मला कशाला ठेवलंय?"

"चहाला!"

*

एका सकाळी मॅडम कागद घेऊन बसलेल्या, तोंड उतरलेलं. प्रश्न गेला होता अकरा वाजून तीन मिनिटांनी. मनमाडचं उत्तर आलं होतं अकरा वाजून दोनला!

"घड्याळं पुढेमागे असतील," म्हणत सगळी जुळवली. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी म्हणालो, "मग उद्याचं आजच विचारून घ्या, उद्या सुट्टी!"

त्या हसल्या नाहीत.

*

दसऱ्याला मी पाचही मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. मॅडम ओरडल्या, "मामा, कीबोर्डात पाकळ्या!" मग सुट्ट्या लागल्या. दिवाळी संपेस्तोवर लॅब बंद, किल्ली माझ्याच खिशात. उघडली तर चार माळा वाळून कुरकुरीत. निफाडची ओली.

मॅडमनी तिला बोट लावलं, आणि बोट ओढणीला पुसत राहिल्या.

*

मग पीएचडीचा शेवटचा दिवस. पुण्याहून परीक्षक साहेब आले. पाच वर्षांचं काम, उत्तर एकदा अडकलं की सगळं पाण्यात.

साहेब म्हणाले, "एक मशीन तोडा बघू."

मी वणीची वायर उपटली. मॅडमच्या स्क्रीनवर लगेच उत्तर, खाली नाव: द्वारका.

"आणखी एक!"

द्वारका काढली. मनमाडनं दिलं. साहेबांना चेव आला. "काढा हो, काढा!" मनमाड काढली, येवला काढली. निफाडनं दिलं.

"आता शेवटची. आता एरर यायला हवी, मॅडम!"

मी निफाड काढली.

उत्तर आलं. खाली नाव: सुरगाणा.

"वा! एक राखीव लपवून ठेवलं होतंत!" साहेबांनी टाळी वाजवली आणि जागेवरच सही केली.

मॅडमनी हसून नमस्कार केला. साहेब जिना उतरले तशा माझ्याकडे वळल्या.

"मामा, सुरगाणा कुठं ठेवलंय तुम्ही?"