'शिं. मो.' म्हणजे काय?

दोन अक्षरांपायी एका भल्या माणसाला मी ठाण्यात आणून बसवले होते. इतकी वर्षे झाली, तरी ती घटना आठवली की आधी लाज वाटते आणि मग हसू येते.

तेव्हा मी गंगाखेडला फौजदार होतो. जिल्हा कार्यालयात नुकताच संगणक आला होता. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे संगणकातलेही मला कळते असा सगळ्यांचा समज होता. मी तो मोडला नाही. जिल्ह्यात चोरीला गेलेल्या जनावरांची यादी तयार करण्याच्या कामावर मला आठवडाभर तिकडे बोलावले. टंकलेखक म्हणाला, "साहेब, फाइल मोठी झाली. फ्लॉपीत मावत नाही."

"शब्द कापा. वर्णन पहिल्या अक्षरांवर आणा," मी रुबाबात सांगितले.

फाइल फ्लॉपीत बसली. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

पुढच्याच बाजारच्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली : पोखर्णीच्या एका शेतकऱ्याचा बैल चोरीला गेलाय, तसलाच बैल बाजारात उभा आहे. फिर्याद दुसऱ्या ठाण्याची, आमच्याकडे फक्त यादीची छापील प्रत. हवालदाराने वाचले, "पांढरा, कपाळी काळा ठिपका, शिं. मो. म्हणजे शिंगे मोठी." बैलाची शिंगे हातभर होतीच. व्यापाऱ्याला बैलासह ठाण्यात आणले.

"पावती दाखवा," मी म्हणालो.

"घरच्या गाईचा गोऱ्हा हाय साहेब. त्याची पावती कोन देतंय, गाय?"

शिपाई हसले. मी दरडावले. तसा तो एकदम गंभीर झाला. "आमचा सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हतो. एकदा चोर म्हनून नाव निघालं, तर माझ्या हातात कोन हात देईल?"

मी ऐकले नाही. स्टेशन डायरीत नोंद झाली, अटकेचे कागद तयार होऊ लागले. तेवढ्यात ओळख पटवायला बोलावलेले, चोरीला गेलेल्या बैलाचे मालक, पोखर्णीचे काका आले. बैलाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई."

"नीट बघा काका," हवालदार म्हणाला. "शिंगं मोठी, असं लिवलंय."

"मोठी? अवो, डावं शिंग मोडलंय त्याचं!"

फिर्याद नोंदवलेल्या ठाण्याला फोन लावून मी ती मुळातून वाचून दाखवायला सांगितली. 'डावे शिंग मोडलेले' असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

बाकावरचा व्यापारी ताडकन उठला. "मोडलेलं? आवो साहेब, सकाळधरून इचारायलाव, बैल कुठून आनला. कसला बैल हुडकायलाव, ते एकदा तरी सांगितलं का? तसला बैल सकाळीच एकानं मला दाखविला. शिंगामुळं म्या घेतला न्हाई. नदीकडच्या लिंबाखाली बसला असंल अजून."

दोन शिपाई धावले. चोर तिथेच भाकरी खात होता. बैल काकांना ओळखून हंबरला. कागद नंतर झाले.

व्यापाऱ्याच्या बैलाचे दावे मी स्वतः हातात घेतले आणि भर बाजारातून त्याच्यासोबत चाललो. चूक पोलिसांची होती, हे चार जणांत मोठ्याने सांगितले. तो म्हणाला, "दावं सैल धरा साहेब, लय लाजाळू हाय त्यो." बाजार हसला. संध्याकाळच्या आत त्याचा बैल विकला गेला.

शब्द कापताना अर्थ माझ्या डोक्यात होता. वाचणाऱ्या हवालदाराच्या डोक्यात तो कसा असणार? त्यानंतर मी कागदावर पुरते लिहू लागलो. आणि समोर बसवलेल्या माणसाला, तो संशयित असला तरी, शक्य तेवढे आधी सांगू लागलो की आम्ही नेमके काय शोधतो आहोत. पुष्कळदा ते त्यालाच ठाऊक असते आणि कोणी त्याला विचारलेलेच नसते.