मामांच्या बागेतल्या दोन ओळी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, प्रयोगशाळेत, तांब्याच्या नॅनो कणांचं औषध ढवळत होते. महिना उलटला, तरी त्या कामाला हात लावला की आधी मामाच आठवतात. द्राक्षाच्या पानांवर ते औषध मारून बघायला पहिल्यांदा जागा दिली ती माझ्या बावड्याच्या मामांनी. बाकीच्या बागाईतदारांनी मला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

आमच्याकडे फवारणी झाली की पानं निळसर दिसावी लागतात. मोरचूद-चुन्याच्या नेहमीच्या औषधाचा तो रंग दिसला की माणूस निवांत झोपतो. माझ्या औषधात तांबं अगदी थोडं, त्यामुळे पान हिरवंच राहायचं. मामांनी वेलींच्या दोन ओळी दिल्या आणि शेजारी कुंपणावरून विचारू लागले, "भाचीनं नुसतं पाणी मारलं का काय?" मामा हसण्यावारी न्यायचे. पण फळछाटणीनंतर पावसाची झड लागली आणि त्यांचा धीर सुटला. डाऊनीची पांढरी बुरशी एकदा पानाखाली धरली की वर्षाचं पीक हातचं जातं. मी पोचले तर माझ्या दोन्ही ओळी निळ्याशार... सगळा प्रयोग फुकट गेला होता.

"राग धर हवा तर," मामा म्हणाले. "पण द्राक्षाला काय म्हाईत, त्याच्यावर परयोग चाललाय म्हणून?"

मी चिडून रडले. मामींनी वाढलेलं जेवलेही नाही. पुढच्या वर्षी मात्र मामांचाच फोन आला. "भाचेबाई, ओळी तयार हायत. ह्या खेपेला मी हितं राहतच न्हाय. हात शिवशिवत्यात." आणि ते पावसाळी दिवस मामा खरोखरच पळसदेवला लेकीकडे जाऊन बसले. तिथून रोज विचारायचे, "पानं पालथी करून बघितली का गं?" परतल्यावर घरात न जाता थेट बागेत शिरले, एकेक पान उलटत गेले. बुरशी नव्हती. "बघू," एवढंच म्हणाले. ते 'बघू' मला फार लागलं. शाबासकी हवी होती मला, आणि ती त्यांच्याचकडून हवी होती.

यंदाच्या हंगामात त्यांनी औषध बरंच जास्त मागून नेलं. पाहुण्यारावळ्यांना देत असतील, असं मी धरून चालले. दिवसकार्य उरकल्यावर मामी मला पंपाच्या खोलीत घेऊन गेल्या. खुंटीवर मामांचा फवारणीचा सदरा होता.

"औंदा नवा शिवला व्हता," मामी म्हणाल्या. "सगळी बाग ह्याच सदऱ्यात फवारली त्यांनी. बघ."

मी सदरा हातात घेतला, बाह्या उलगडल्या. निळा डाग कुठेच नव्हता.