टिकलीखालचा पांढरा ठिपका

आमच्या घरातल्या आरशाला पांढऱ्या प्लास्टिकची चौकट आहे, खाली कंगवा ठेवायला छोटी फळी. पोरगी नववीत होती तेव्हा आम्ही दोघी वारंगा फाट्यावर गाडी बदलायला उतरलो होतो, तिथल्याच दुकानातून तो घेतला. मला हिरवा पाहिजे होता, मळ दिसत नाही म्हणून. ती पांढऱ्यावर अडून बसली.

"पुसीन की मी रोज," म्हणाली.

पुसला कधीच नाही. उलट संध्याकाळी तोंड धुताना कपाळाची टिकली काढायची ती चौकटीला चिकटवायची. सकाळी मन झालं तर तीच परत लावायची, नाहीतर पाकिटातली नवी. जुनी तिथंच राहायची. एकदा मी म्हटलं, "आरशाला गोवर आल्यावानी दिसून राहिलं बघ."

"मग कडुलिंबाचा पाला बांध त्याला," ती म्हणाली आणि आणखी एक चिकटवली.

लग्न होऊन ती पुण्याकडे गेली. जावई प्लास्टिकचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहेत. टिकल्यांचं पाकीट ती सोबत घेऊन गेली. आरशावरच्या अकरा तेवढ्या मागं राहिल्या.

पुढं चौकट पिवळी दिसू लागली. मला वाटलं, चुलीचा धूर असेल, तेलाचे हात असतील. पंचमीला येते असा तिचा फोन आला की मी आरसा खाली काढायची, टिकल्यांच्या कडेकडेनं सोड्यानं घासायची आणि अंगणात बाजेवर उन्हात ठेवायची. आमच्याकडे सगळं उन्हातच साफ होतं. डाळीतला किडा जातो, गोधडीचा वास जातो. मग दोन दिवसांनी परत फोन यायचा, सुट्टी मिळाली नाही. मी आरसा उचलून खिळ्याला लावायची. पंचमी गेली, दिवाळी गेली, पुढची पंचमीही तशीच गेली. आरसा प्रत्येक खेपेला आणखी पिवळा.

यंदा घासताना एक टिकली सुटून पाण्यात गेली. तिच्याखाली गोल पांढरा ठिपका होता. फाट्यावरून आणला त्या दिवशी आरसा असाच होता. त्या दिवशी गाडीत पोरीनं तो मांडीवर धरला होता आणि हिसका बसला की मला ओरडत होती, जसं काही गाडी मीच चालवत होते. मी ओले हात तसेच ठेवून बराच वेळ बाजेजवळ बसून राहिले.

संध्याकाळी तिचा फोन आला. जावयाशी बोलायला मला अजून लाज वाटते, म्हणून त्यांना विचारायचं तेही मी पोरीलाच विचारते.

"त्यायला विचार, पांढरं प्लास्टिक काहून पिवळं पडतं?"

मागून त्यांचाच आवाज आला. "मामीला म्हणावं, उन्हात ठेवू नका. उन्हानंच पडतं ते. तो मळ न्हाई, घासून निघत नसतो."

पोरगी हसायला लागली. "ऐकलंस का? तूच भाजलीस त्याला, पापडावानी."

"बरं. तू कधी येतीस?"

"बघू आई. सुट्टीचं काही खरं न्हाई."

यंदाही ती येणार नव्हती. तिकडं कुकरची शिट्टी झाली, तिनं फोन ठेवला.

सकाळी उघड्या पडलेल्या ठिपक्यावर मी माझी टिकली लावली. माझी मोठी असते, ठिपका पुरता झाकला. मग आरसा दारासमोरच्या भिंतीवरून काढून आतल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीमागं लावला. तिथं दिवसाही उजेड येत नाही.

पोरीचे वडील दाढीचं सामान घेऊन आरसा शोधत आत आले.

"इथं तर तोंडच दिसत न्हाई. इथं काहून लावला?"

"तुमी करा दाढी. कुठं केस राहिले ते मी सांगते."

"आन पोरगी आल्यावर? तिनं अंधारात वेणी घालायची व्हय?"

"ती आली की आणीन की बाहेर," मी म्हटलं. "मग पडू दे पिवळा."