अंगठ्याला अडकवलेलं जाळं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

मोहाडीत माझं पुस्तकांचं दुकान आहे. चालतं ते गाइडं नि वह्यांवर, पण एक फळी मी हट्टानं मुलांच्या गोष्टींची ठेवलीय. राजकन्या आहेतच, शिवाय वीटभट्टीवरची मुलगी, कुबड्या घेऊन शाळेत जाणारा मुलगा, तळ्यात मासे धरणारं कुटुंब. प्रत्येक पोराला आपल्यासारखं घर पुस्तकात सापडावं, असं मी येईल त्याला ऐकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

गेल्या वर्षी एक सर वर्गाला घेऊन आले. शाळेच्या वाचनालयासाठी प्रत्येकानं एक पुस्तक निवडायचं होतं. त्यांत चंदा होती — कारध्याची, इथं मामाकडे शिकते. कारधा माझं माहेर, तिचं घर आमच्या शेजारीच. तिकडे ती मला आत्या म्हणते.

तिनं तळ्याचं पुस्तक उचललं, चित्र निरखलं. "सर, जाळं असं नाही विणत. पायाच्या अंगठ्याले अडकवा लागते, नाही तं ताण कसा येईन?"

मुलं खिदळली. सर मात्र हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, ही म्हणते ते बरोबर आहे का? असेल तर हेच घेऊ, वर्गाला हिच्याकडूनच समजावून घेऊ.

किती सोपं होतं! माझे बाबा ओट्यावर बसून तसंच विणायचे. मीही विणलंय. पण मोहाडीत मी धानवाल्या शेतकऱ्यांची सून, माहेरचं कुणी विचारलं की विषय बदलते. कशाला भ्याले मी? मासळीच्या वासाला? दहा-बारा पोरांच्या हसण्याला? मला माझंच नवल वाटतं, अजूनही.

"मले काय माहीत, सर," मी म्हटलं. "आमच्यात कोणी मासोळ्या नाही धरत."

खोटं बोलले. बापाला नाकारलं, आणि एका मुलीला तिच्या वर्गासमोर खोटं पाडलं.

चंदाला माझं माहेर पुरतं ठाऊक होतं. एका शब्दात ती मला उघडं पाडू शकली असती. तिनं पुस्तक परत फळीवर ठेवलं, राजकन्येचं उचललं.

"मीच चुकली असन, सर," ती म्हणाली — माझ्यासाठी म्हणाली.