कप्तानांचा सातवा नियम

पत्ता उलटण्याआधी कप्तान गड्डीवर दोन बोटे टेकवायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे टूलरूममध्ये साचे-अवजारे घडवत काढलेला माणूस. यंत्र किती तापले ते हाताने बघावे, तसा पत्त्यांचा अंदाज घ्यायचे. मग म्हणायचे, "अजून एक जाईल." आणि बहुतेक वेळा जायचा.

दर रविवारी सकाळी दहाला ते गारखेड्यातल्या आमच्या घरी यायचे. मी बैठ्या खेळांची परीक्षणे इंटरनेटवर लिहितो आणि प्रत्येक नवा खेळ आधी त्यांच्यासोबत खेळायचो. मी त्यांना कप्तान म्हणायचो, मला ते थट्टेने साहेब म्हणायचे. "साहेब, लई घाई करता तुम्ही. नियम वाचायचे का नुसते हुंगायचे?"

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच एक खेळ तयार केला. प्रत्येकाचे एक अंतराळयान, प्रत्येकाची दहा पत्त्यांची गड्डी. एकेक पत्ता उलटत दूरच्या ग्रहांकडे जायचे. वाटेत चांगले पत्ते मिळतात, ते आपल्या गड्डीत येतात. पण बिघाडाचे पत्तेही येऊन मिसळतात. एका फेरीत तीन बिघाड निघाले की त्या फेरीची सगळी कमाई गेली. त्याआधी कधीही 'परत' म्हणून पृथ्वीवर यायची मुभा. पत्ते त्यांनी पुठ्ठ्यातून इतके सारखे कापले होते, की गड्डी पिसताना कुठे बोट अडत नव्हते.

पुण्याच्या एका प्रकाशकाला खेळ आवडला होता. "तुमच्या साहेबांचं परीक्षण येऊ द्या, मग छापू," असे तो त्यांना म्हणाला होता.

परीक्षणासाठी मी आणि माझी बायको खेळलो. कप्तान कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. आपला खेळ दुसरे पहिल्यांदा खेळत असताना एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा दंडक. "उद्या खोक्यात घालून मला कोणी पाठवणार नाय. कागदानंच बोललं पाहिजे," म्हणायचे.

नियमांचा एकच कागद होता, हाताने लिहिलेला. मी वाचला आणि पत्ते वाटले. चौथ्या फेरीपर्यंत दोघांच्याही गड्ड्या बिघाडांनी भरल्या. यान निघाले की फुटायचे. बायको वैतागून म्हणाली, "अहो, वेळेवर परत येणाऱ्याला काहीच मिळत नाही का?"

"नाही दिसत," मी म्हणालो.

कप्तानांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

मी लिहिले, 'थांबणाऱ्याला बक्षीस नाही, जाणाऱ्याला फक्त शिक्षा. शहाणपणाला इथे जागा नाही, सगळे नशीब.' प्रकाशकाने त्यांचे फोन घेणे बंद केले. पुढच्या रविवारी कप्तान दहाला हजर. "खरं लिहिलं ते बरं केलं, साहेब. लाडानं लिहिलं असतं तर आवडलं नसतं."

महिन्याभराने मी तो खेळ आवरत होतो. कागद हातातून निसटून उलटा पडला. मागे सातवा नियम होता: 'जो आपणहून परत येईल, त्याने आपल्या गड्डीतला एक बिघाड कायमचा काढून टाकावा.' खेळाचा सगळा जीव त्या ओळीत होता. सवयीने मी पेन्सिलीने तिच्याखाली रेघ ओढली आणि कागद खोक्यात ठेवला.

दोन ओळींची दुरुस्ती पुरली असती. पण नियम न वाचता परीक्षण लिहिणारा, असे नाव झाले असते. पुढच्या रविवारी सांगू म्हटले. त्या रविवारी कप्तान खोके घरी घेऊन गेले. मग आणखी एक रविवार गेला, मग आणखी एक.

एकदा दुसराच एक पत्त्यांचा खेळ खेळता खेळता त्यांनीच विचारले, माझ्याकडे न बघता. "साहेब, त्या कागदाची पाठ कधी वाचली का हो?"

"पाठीवर काही होतं का?" मी म्हणालो.

"नाय, सहज विचारलं." त्यांनी गड्डीवर दोन बोटे टेकवली. त्या दिवशी पत्ता उलटला नाही. आपल्याच खेळातल्यासारखे "परत," म्हणाले.

त्यानंतर ते चार रविवार आले. पाचव्या रविवारी त्यांच्या घरून फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

आता रविवारी दहा वाजले की कोपऱ्यातले स्टूल ओढल्यासारखा आवाज येतो. मी उठून बघतो.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी, कप्तानांच्या पत्नीने, खेळाचे खोके मला आणून दिले. कागद वरच होता, पाठ वर करून ठेवलेला. सातव्या नियमाखाली माझी पेन्सिलीची रेघ.

मी त्याच दुपारी दुरुस्ती लिहिली, जशी घडली तशी, माझ्या खोटेपणासकट. इंटरनेटवर टाकण्याआधी काकूंना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, हात पदराला पुसले.

"त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तुमच्याकडून आले की मी विचारायची, बोलले का साहेब? म्हणायचे, आज नाय. पुढच्या रविवारी सांगतील."