नऊ नंबरच्या खोलीतली माणसं

जिन्याखालच्या त्या दोन मिनिटांबद्दल मी आजवर कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. आमच्या ह्यांच्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, देवापाशी — तिथे तर हात जोडून उभी राहते आणि भलतंच काहीतरी मागून परत येते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर म्हणाला असता, जाऊ द्या हो, एवढं काय त्यात. ते मला ऐकायचं नाही.

आधी माझं मत ऐकून घ्या. ते मी कधीच लपवलेलं नाही. खायला घालायची ऐपत नसताना पाच-पाच मुलं जन्माला घालायची आणि मग सरकारने डोकी मोजून धान्य द्यायचं — हे मला पटत नाही. ज्यांनी दोनावर आवरतं घेतलं ते काय मूर्ख होते? त्यांनी कर भरायचा आणि गोणी भरायची दुसऱ्याची? बचत गटात मी हे बोलले की बायका माना डोलावतात. तुम्हीही आत्ता डोलावली असेल. थांबा जरा. एवढ्यात माझ्या बाजूला येऊन बसू नका.

आमची इमारत घणसोली गावात आहे. नव्या टॉवरांच्या बाजूला नाही, जुन्या गावठाणात — जिथे आपल्या खिडकीतून हात घातला तर शेजारच्या ओट्यावरचं मीठ उचलता येईल. तळाला आम्ही, वर चार मजले भाड्याच्या खोल्या. भाडेकरूंचं सगळं मी बघते. हे फक्त सह्या करतात. आमच्याकडे एक रीत आहे. करार अकरा महिन्यांचा करायचा, आणि तो संपला की भाडेकरूला खोली बदलायला लावायची. नऊमधला दोनमध्ये, दोनमधला सहामध्ये. माणूस एकाच खोलीत फार राहिला की त्याला ती आपली वाटायला लागते, ही आमची भीती. भाडेकरू कुरकुरतात, पण भांडीकुंडी उचलून जिना चढतात किंवा उतरतात. त्यांच्या कागदांवर मात्र जुनाच नंबर राहतो. आधारवर, रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर. दर वर्षी कोण बदलत बसणार?

सुनंदा आली तेव्हा नऊ नंबरला राहिली. परभणीकडची. नवरा तळोज्याला ठेकेदाराच्या हाताखाली पिंपं उचलायला, ती वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला. मुलं पाच. मुलगा व्हावा म्हणून थांबले नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. पहिले दोन मुलगेच, मग तीन मुली. तुम्हाला वाटत असेल, आता ही बाई सांगणार की त्यातली दोन मेलेल्या दिराची होती. नाही. पाचही तिचीच. मी एकदा विचारलं होतं, एवढी कशाला गं? तर नुसती हसली. तिला हसायला कारण लागायचं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

रेशनच्या दिवशी ती डोक्यावर गोणी घेऊन यायची. एकदा जिन्यापाशी दम खायला थांबली आणि मला म्हणाली, “काकी, लेकरं लई हायत म्हनून तर गोनी भरती बगा! दोनच असती तर पिशवीत मावलं असतं.”

थट्टा होती ती. डोक्यावरच्या ओझ्याला लोक करतात तशी. मला ते कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बचत गटात मी तेच वाक्य सांगितलं — हसणं वगळून. बघा, ह्यांची विचारसरणी बघा, म्हणून. बायकांनी तोंडावर हात ठेवले. मला फार बरं वाटलं.

मग तिचे अकरा महिने भरले आणि मी तिला दोन नंबरला आणलं. ती खोली नेमकी आमच्या डोक्यावर. दुसरी मोकळी नव्हती. सकाळी पाण्याच्या वेळेला दहा पाय वर नाचायचे, आमच्या पंख्याचा दांडा हलायचा. मी काठीने छत ठोकायचे. थोडा वेळ सामसूम, की पुन्हा सुरू.

मी वळसे घेते आहे, कळतंय मला. पण हा एक वळसा घ्यायलाच हवा, कारण तो टाळला तर उरलेलं सगळं सांगूनही मी खोटीच राहीन.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची आठ मुलं होती. चार मुलगे, चार मुली. कुणी आम्हाला विचारलं नाही, एवढी कशाला. नव्या शहरासाठी सरकारने शेतं घेतली होती आणि बदल्यात कुणाला काय द्यायचं ते ठरवायला मोजणी होणार होती. कुटुंबं मोजणार, आणि कुटुंब म्हणजे चूल. आमची चूल एकच होती. मोजणीवाले यायच्या दिवशी सासऱ्यांनी सकाळीच अंगणात विटा मांडून तीन चुली वाढवल्या. मला, नव्या सुनेला, एकीपुढे बसवलं आणि म्हणाले, “चूल इझू देव नको गो.” पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं. मोजणीवाल्याने विचारलं, काय शिजतंय? मी मान खाली घालून म्हणाले, भात. त्याने चार कुटुंबं लिहिली आणि तो पुढच्या घराकडे वळला. आज जी इमारत मी माझी म्हणते, ती त्याच जागेवर उभी आहे.

आणि मी फुकटखाऊंवर बोलते. अजूनही बोलते.

आता ती दोन मिनिटं.

दुपार होती. रेशनकार्डांची घरोघर तपासणी चालली होती. एक तरुण बाई हातात यादी घेऊन आली, घामाने निथळत. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आली होती. नऊ नंबरमध्ये दुसरंच कुणी राहत होतं, म्हणून जिन्याखाली येऊन तिने मला विचारलं, यादीतलं कुटुंब कुठे आहे — सात माणसं, सुनंदा नावाची बाई?

कुठे होतं? दोन नंबरमध्ये. बारा पायऱ्या वर. ‘वर जा, उजव्या हाताचं दार’ — एवढंच म्हणायचं होतं मला.

मी म्हणाले, “गेले ते. गावी.”

“सगळे?”

“सगळेच.”

तेवढ्यात वर धाडधाड पावलं वाजली. तिने छताकडे पाहिलं. मी म्हणाले, नवे भाडेकरू आहेत. तिने यादीत काहीतरी लिहिलं आणि घरमालकीण म्हणून मला सही करायला लावली. मी केली. मग तिला फ्रिजमधलं गार पाणी दिलं. ती म्हणाली, काकी, तुमच्यासारखी माणसं भेटली की आमचं काम सोपं होतं.

काय म्हणू याला? रागाच्या भरात झालं म्हणू? राग त्या क्षणी नव्हताच. मी अगदी शांत होते. वाहता नळ दिसला, जाता जाता बंद केला — तसं. उलट सरकारचं काहीतरी वाचवल्यासारखं वाटलं मला. त्या दिवशी दुपारी मला छान झोप लागली.

पुढच्या महिन्यात सुनंदा रेशनच्या दुकानातून रिकामी गोणी काखेत घेऊन परत आली. मशीनवर अंगठा ठेवला तर कार्ड बंद म्हणून सांगितलं होतं. ती कुणाकडे आली असेल? माझ्याकडेच. इमारतीत कागदपत्रांतलं मला कळतं, असा समज होता.

आणि तेव्हा मी जे केलं ते मला जिन्याखालच्या खोट्याहून वाईट वाटतं. मी तिला म्हणाले, “एवढी पोरं असली की सरकार नावं कापतं आता. वरूनच आलंय.”

ती दारात उभी होती. धाकटी तिच्या कडेवर. “आमचं खानं सरकारलाबी जड झालं का, काकी?” एवढंच म्हणाली. मग मागे वळून जिन्यावर बसलेल्या आपल्या मुलांकडे तिने पाहिलं. एकेकाकडे. असं तिला त्यांच्याकडे बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तसं बघायला मी शिकवलं होतं.

नवं कार्ड काढायचं तर घरमालकाचं पत्र लागतं. ते तिने मागितलं. मी नाही म्हटलं नाही — नाही म्हटलं असतं तर ती दुसरी खोली तरी शोधती. मी म्हटलं, हा करार संपू दे, नव्या करारासोबत देते. करार संपायला सात महिने होते. ती अधूनमधून दारात यायची, मी ‘बघू’ म्हणायचे. ह्यांची एक सही. दहा मिनिटांचं काम. किती वेळा बघू म्हटलं असेन मी?

मार्केटातून ती फुटका, मोड आलेला कांदा आणायची. मुलं पोळीबरोबर कांदा खाताना दिसायची, नंतर नंतर पोळीही अर्धी अर्धी दिसायला लागली. नाक्यावरच्या वाण्याकडून ती तांदूळ घेऊन येताना मला दिसली. पिशवीत मावत होता.

मग तिने मधली तिघं आईकडे परभणीला नेऊन सोडायचं ठरवलं. थोरला कामाला हाताशी लागतो आणि धाकटी दूध पिते, म्हणून ते दोघं इथे. मधल्या तिघांना तिने निघायच्या दिवशी धुतलेले कपडे घातले होते. माझ्याकडे आली ती बंद पडलेलं रेशनकार्ड घेऊन. “डब्यात उंदरं कुरतडतेत, काकी. तुमच्याकडं राहू द्या. लेकरं परत आनली की लागंल.” सोबत चांगला निवडून आणलेला दोन किलो कांदा. “साळंतल्या बाई इचारायला आल्या तर सांगा, गावी गेली म्हनून. तुमच्यावानी कुनी आमच्यासाठी एवढं केलं नाही बगा.” आणि वाकून पाया पडली.

तेव्हाही सांगता आलं असतं. रिक्षा उभी होती, पोरं आत बसली होती, तरी वेळ होता. पत्र लिहून देते, थांब — असं म्हणता आलं असतं. मी कांदा घेतला. कार्ड घेतलं. म्हणाले, पोचल्यावर फोन कर.

पुढे वर्षभरात तीही गेली, नवरा आणि उरलेली दोघं घेऊन. तळोज्याकडे कुठेतरी. मी शोधलं नाही. कार्ड माझ्या कपाटात आहे, चांगल्या साड्यांच्या खाली. सात नावं, पत्ता नऊ नंबरचा.

मत? मत माझं आजही तेच आहे. विचाराल तर तेच सांगेन, बचत गटात अजून सांगते. ते मत चूक की बरोबर हे मोठी माणसं ठरवतील. पण त्या यादीवर मत लिहायचं नव्हतं. सात माणसं कुठे आहेत, एवढंच विचारलं होतं.

अजून एक राहिलं. तिघं गेल्यानंतर दहा-बारा दिवसांनी शाळेतल्या बाई खरंच आल्या. जिन्याखाली, त्याच जागी. तीन मुलं शाळेत येत नाहीत, कुठे आहेत, म्हणाल्या.

मी म्हणाले, “गेली. गावी.”

शब्द तेच होते, आणि या वेळी खरे होते. बाईंनी वहीत लिहून घेतलं, मग सहज वर छताकडे पाहिलं. वर आता दोनच मुलं होती — मी नेहमी म्हणायचे, तेवढीच. काही आवाज येत नव्हता.