मिनिटाला एक गोळी

व्हर्ना टोलेफसनच्या कामात खोट काढायला जागा नाही, हे आयोवातल्या त्या कॉलेजात झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या नव्या प्रोफेसर केंड्रिकना.

मानसशास्त्र विभागाच्या तळघरात बाई अकरा वर्षं उंदीर सांभाळत होत्या. सकाळी आधी पिंजऱ्यांतल्या पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या, मगच अंगातला कोट काढायचा, हा त्यांचा नेम.

केंड्रिक भुकेल्या उंदराला प्रयोगाच्या पेटीत ठेवत. यंत्रातून मिनिटाला खाऊची एक बारकी गोळी पडे, शेजारी पाण्याची बाटली. तीन तासांत उंदीर दिवसभराच्या तिप्पट पाणी ढोसायला लागले.

"बाई, तुम्ही पिंजऱ्यातल्या बाटल्या भरतच नाही," केंड्रिक म्हणाले. "उंदीर तहानलेले येतात माझ्याकडे. शुक्रवारनंतर मी दुसरी बाई बघतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांच्या इमानदारीवर असा शिंतोडा! पण पुरावा कुठून आणायचा?

बुधवारी चर्चच्या तळघरात नेहमीचं जेवण होतं. बाई कॉफी वाढत होत्या. बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे लेफ्से, तव्यावरून एकेक उतरत होत्या आणि म्हातारे ताटकळत होते. ओले ब्रेक्के नावाच्या म्हाताऱ्याने आठव्यांदा कप पुढे केला.

"काय रे ओले, वाळवंटातून आलास की काय?"

"तहान कसली डोंबलाची! पुढची पोळी येईपर्यंत करू काय मी?"

बाईंचा हात थबकला. गेल्या वर्षी एकदा पोळ्या आधीच भाजून चळत मांडली होती, तेव्हा अर्धी कॉफी उरली आणि ओतून द्यावी लागली होती. अगं बाई गं!

गुरुवारी सकाळी त्या थेट केंड्रिकांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, आज बाटल्या तुम्ही भरा, तुमच्या हातांनी. आणि सगळ्या गोळ्या एकदम द्या."

उंदराने गोळ्या फस्त केल्या, थोडं पाणी प्यायला आणि मिशा पुसत बसला.

शुक्रवारी तोच उंदीर, तेवढ्याच गोळ्या, पिंजऱ्यातली बाटली पुन्हा केंड्रिकांनीच भरलेली. फक्त गोळी मिनिटाला एक. गोळी खाल्ली की उंदीर पाण्याकडे, गोळी खाल्ली की पाण्याकडे. तीन तासांत पेटीतल्या बाटलीचा तळ दिसला. केंड्रिकांनी बाटलीखाली बोट फिरवून पाहिलं. कोरडं ठाक! गळती नव्हतीच.

"बाई, चूक माझी," ते सगळ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. "उंदीर तहानलेले नव्हतेच. दुसरी बाई वगैरे काही नाही."

व्हर्नाबाई इतक्या खूश झाल्या की जिन्यात एकट्याच हसल्या. जाताजाता त्यांनी साहेबांना पुढच्या बुधवारच्या जेवणाचं आवतण दिलं.

केंड्रिक आले. पोळ्या एकेक येत होत्या. गप्पांच्या नादात त्यांनी सहाव्यांदा कप पुढे केला, तेव्हा बाईंनी किटली वरच धरली आणि अख्ख्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काय साहेब, घरच्या बाटल्या कोणी भरल्या नाहीत वाटतं?"